भेटीची जागा

शेवट गोड आहे का, हे विचारल्याशिवाय मावशी पुस्तक उचलत नसत. माझ्या नात्यातल्या नव्हेत. साऱ्या वाचनालयाच्या त्या मावशी. मंगळवार पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. दुपारी गिरणीचा पट्टा थांबला की पदराला हात पुसत यायच्या, तरी पुस्तकाच्या कडांना जोंधळ्याचं पीठ लागलेलं असायचंच. परत आलेलं पुस्तक टेबलावर आपटलं की त्यातून पीठ उडायचं, आणि कुठलं पुस्तक मावशींकडून आलंय ते मला तारखेची चिठ्ठी न बघताही कळायचं.

"हे वाचलोय मी. दुसरं दे. आन् शेवट गोड हाय न्हवं?"

आमच्या कोल्हापूरच्या बायका 'वाचलोय', 'आलोय' असंच बोलतात. मी दुसरं पुस्तक पुढे सरकवायचे. मग मावशींचा दुसरा प्रश्न यायचा, आणि तोच माझ्या मनात कायमचा बसला.

"कुठं भेटत्यात गं ही दोघं?"

आगगाडीत म्हटलं की त्या मान हलवायच्या. कॉलेजात म्हटलं की, "नको. कालचं बी कॉलेजातलंच हुतं." दवाखान्यात म्हटलं तर तिथंच उभ्या राहून चार पानं वाचायच्या. देवघेवीच्या त्या टेबलाशी मी १९७१ पासून ३४ वर्षं बसले. प्रेमकथेत काय काय असावं लागतं यावर मी पुढे पुस्तकं वाचली: नायक, नायिका, आडकाठी, गैरसमज, तिसरा माणूस, विरह, मीलन. पण मावशींनी विचारलेल्या प्रश्नाइतका नेमका धागा मला कुठल्याच पुस्तकात मिळाला नाही. मराठी प्रेमकथेचा सगळा इतिहास मला आज त्या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास वाटतो. दोघं भेटणार कुठे? कारण पुष्कळ काळ आपल्याकडे भेटायला जागाच नव्हती.

खरं तर 'कादंबरी' हा शब्दच एका प्रेमात पडलेल्या मुलीचं नाव आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारात असलेल्या बाणभट्टाने गंधर्वराजाच्या मुलीची कथा लिहिली आणि तिचंच नाव ग्रंथाला दिलं. हिंदी आणि बंगाली माणसं उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा म्हणतात; आपण आणि शेजारचे कन्नड लोक मात्र त्या मुलीच्या नावाने हाक मारतो. बाणाचा नायक चंद्रापीड किन्नरांच्या जोडप्याचा पाठलाग करता करता वाट चुकतो आणि अच्छोद सरोवराच्या काठी येतो. तिथल्या शिवमंदिरात पांढऱ्या वस्त्रातली महाश्वेता वीणा वाजवत बसलेली असते. तिचा प्रियकर गेलेला आहे आणि तो परत मिळेल या आशेवर ती तप करते आहे. ती चंद्रापीडाला आपल्या मैत्रिणीकडे घेऊन जाते, ती मैत्रीण म्हणजे कादंबरी. भेटीसाठी केवढं रान आणि सरोवर लागलं पाहा. वाट चुकल्याशिवाय भेट नाही. बाण हा ग्रंथ पुरा करण्याआधीच वारला आणि त्याच्या मुलाने तो संपवला. दोन प्रेमकथा आणि अनेक जन्म बापाने गुंतवून ठेवलेले, आणि सोडवायचं काम मुलावर आलेलं. ते त्याने कसं पेललं असेल, याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे.

मराठीत तर आधी भेटीशिवायच प्रेम होतं. माझी आत्या सोळाची झाली आणि स्थळं परत जायला लागली, तेव्हा आजीने तिला एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर' वाचायला बसवलं. रोज आंघोळ करून, ओलेत्या केसांनी, एक प्रसंग. १८ प्रसंग आणि १७१२ ओव्या. लग्न जमावं म्हणून मुलींनी ही पोथी वाचायची, हा रिवाज आमच्याकडे अजून पुरता गेलेला नाही. १५७१ साली नाथांनी ती काशीत पुरी केली. त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीला, महानुभाव कवी नरेंद्राने याच विषयावर काव्य रचलं होतं. लग्नासाठी म्हणून वाचायला दिलेल्या या ग्रंथातली मुलगी काय करते, ते आत्याने मला पुढे हळू आवाजात सांगितलं होतं. ती आईबापांनी नाही, भावाने ठरवलेलं लग्न मोडते. ज्याला तिने पाहिलेलं नाही त्याला स्वतः पत्र लिहिते, ते ब्राह्मणाच्या हाती पाठवते आणि मला इथून घेऊन जा म्हणते. देवळात दर्शनाला जायची वेळही तीच कळवते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी शतकानुशतकं मुलींच्या हातात दिलेला हा ग्रंथ पळून जाण्याचा बेत तपशीलवार सांगतो, आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही, कारण समोर देव आहे.

पण रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. दमयंतीला नळ हंसाच्या तोंडून कळला. उषेला अनिरुद्ध स्वप्नात दिसला आणि चित्रलेखेने राजपुत्रांची चित्रं काढून तो ओळखवला. ऐकून, स्वप्नात, चित्रात. जुन्या कवींनी भेटीची अडचण अशी सोडवली. मुलगी घराबाहेर पडत नाही, तर प्रेमाने तरी घरात यायचं कुठून? कानातून किंवा झोपेतून. पत्रही इथूनच आलं. मराठी प्रेमकथेत पत्राला जो मान आहे, हरवलेलं पत्र, दुसऱ्याच्या हाती पडलेलं पत्र, वेळेवर न पोचलेलं पत्र, तो सगळा मला त्या ब्राह्मणाच्या झोळीतून निघालेला वाटतो.

छापखाने आले, गद्य आलं आणि ही अडचण उघडी पडली. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, गावोगावच्या विधवांचे हाल पाहते. नवराबायको बोलतात, वाद घालतात, एकमेकांचं ऐकतात. प्रेमाची कादंबरी ती नव्हे, पण दोघांनी एकत्र रस्त्यावर असणं तिथे प्रथम दिसतं, आणि ती दोघं आधीच नवराबायको असतात म्हणून ते चालतं. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली. तिथेही नायिका पत्नीच. दुष्टांमुळे ताटातूट, संकटांमागून संकटं, आणि शेवटी पुन्हा मीलन. लोकांनी ती आवडीने वाचली. पुढची दहाएक वर्षं मराठीत अशाच अद्भुत कथांची होती: राजपुत्र, गुहा, चोर, वेषांतर, डोंगरावरचे महाल.

या कथांना नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या वाचनालयातल्या मोठ्या मंडळींनीही ठेवली. पण नारो सदाशिव रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत (१८६८) जे लिहिलं, ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटवून बसले होते. त्यांचं म्हणणं साधं आहे: आपल्या हिंदू लोकांच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या आयुष्यात मन गुंतेल असं काही घडतच नाही; रोजचं जगणं लिहायला घेतलं तर गोष्ट रंगणार नाही, म्हणून आम्हाला अद्भुताकडे वळावं लागतं. एका लेखकाने आपल्या धंद्यातली अडचण इतक्या सरळपणे सांगितलेली मी क्वचित पाहिली आहे. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचं लग्न होतं. तिला वाटायला लागण्याआधीच सगळं ठरून गेलेलं असतं. मग मीलनाआधीची ओढ, संशय, वाट पाहणं, निवड, म्हणजे प्रेमकथेचा सगळा मधला भाग, लेखकाने आणायचा कुठून? पुण्यातल्या पेठेत ते मिळत नव्हतं, म्हणून तो रानात गेला. अद्भुत हा त्याचा लहरीपणा नव्हता. त्याला नायिकेसाठी वयाची चार-सहा वर्षं हवी होती, आणि ती त्याला फक्त दूरच्या राज्यात सापडली.

हरिभाऊ आपट्यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः येऊ लागली. यमूचं लग्न लहानपणीच झालेलं. पण हरिभाऊंनी प्रेम लग्नानंतर ठेवलं. एकत्र कुटुंबात दिवसा नवऱ्याशी बोलायची सोय नाही, सासूसमोर त्याच्याकडे मान वर करून पाहायची सोय नाही, रात्रीच्या खोलीत दबक्या आवाजात थोडं बोलणं, तेवढीच भेट. मग दोघं मुंबईला जातात. परक्या शहरात, भाड्याच्या जागेत, रघुनाथराव तिला वाचायला शिकवतात, आणि घरच्यांच्या नजरेआड दोघं पहिल्यांदा एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटतात. पुढे यमूचं जे होतं, विधवापण आणि केशवपन, त्यासाठी ही कादंबरी ओळखली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण मला ती त्या मुंबईच्या दिवसांसाठी प्रिय आहे. नवरा हाच प्रियकर आणि घर हीच आडकाठी, हे मराठीत त्यांनी इतकं खरं लिहिलं की ते वाचणाऱ्या पुष्कळ सुनांना आपलीच खोली आठवली असेल. आमच्याकडची प्रत तीनदा बांधून घ्यावी लागली.

आता यात एक गोष्ट कथेबाहेरची येते, आणि मी तिच्यावर थोडं थांबणार आहे, कारण साहित्याच्या पुस्तकांत ती कडेला टाकलेली असते. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मर्यादा १० वर्षांवरून १२ वर आली. त्यावरून पुण्यात जो गदारोळ झाला तो सर्वांना ठाऊक आहे. १८८४ मध्ये मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली होती. १९१६ मध्ये कर्व्यांचं महिला विद्यापीठ आलं. १९२९ मध्ये सारडा कायदा मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला: मुलगी १४, मुलगा १८. कायदे सगळीकडे पाळले गेले असं नाही, पण शहरातल्या पांढरपेशा घरांत बघता बघता एक नवं माणूस दिसू लागलं. सोळा-अठरा वर्षांची, लग्न न झालेली, शिकणारी, रस्त्याने एकटी चालणारी मुलगी. रिसबुडांना जी वर्षं सापडत नव्हती ती आता कॅलेंडरात होती. मराठी प्रणयकादंबरी ज्या दशकात बहरली आणि हे कायदे ज्या दशकात आले, ती दशकं एकमेकांना चिकटून आहेत, हा मला योगायोग वाटत नाही.

मासिकं याच मुलीच्या हाती होती. काशिनाथ रघुनाथ मित्रांचं 'मनोरंजन' १८९५ पासून निघत होतं. १९०९ मध्ये त्यांनी दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला ती सवय लावली. वि. सी. गुर्जरांच्या गोष्टी तिथे येत. त्यांत ओळख चुकते, चिठ्ठी भलत्याच्या हाती लागते, आणि हसत हसत सगळं जुळतं. वामन मल्हार जोशांच्या 'रागिणी'तल्या बायका तर लग्न, समता, धर्म अशा विषयांवर पुरुषांसमोर वाद घालतात. चर्चा हीच भेटीची जागा झाली. मावशींनी 'रागिणी' दोन दिवसांत परत आणली. "लई बोलत्यात," म्हणाल्या.

आणि मग फडके. ना. सी. फडके आमच्या गावात, राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. जुन्या राजवाड्याशेजारच्या त्या इमारतीसमोरून मी रोज वाचनालयात जायचे. 'कुलाब्याची दांडी' १९२५ ची, 'जादूगार' १९२८, 'दौलत' १९२९, 'अटकेपार' १९३१. पुढे आयुष्यभरात त्यांनी सत्तराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. त्यांची माणसं टेनिस खेळतात, मोटारी चालवतात, पोटाची चिंता करत नाहीत, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही माझं मन त्यांच्या बाजूने ओढ घेतं. प्रेमकथा हे कारागिरीचं काम आहे, ते शिकता येतं आणि शिकवता येतं, हे मराठीत उघडपणे त्यांनी म्हटलं. 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये त्यांनी ललित लेखनाचं तंत्र मांडलं. सुरुवात कुठून करावी, वाचकाला लगेच प्रसंगात कसं न्यावं, गुंता कसा वाढवावा, निरगाठ कधी बसावी आणि उकल किती लांबवावी. त्यांची कादंबरी उघडलीत की पहिल्याच पानावर कुणीतरी कुठेतरी निघालेलं असतं. भेट लवकर होते, आणि ती अशा जागी होते जिथे तरुण मुलगा आणि तरुण मुलगी उभी असणं नुकतंच शक्य झालेलं आहे: कॉलेज, क्लब, समुद्रकिनारा, गाडीचा डबा. वाचणाऱ्याला वाटतं की ही जागा मलाही मिळेल. हे वाटायला लावणं म्हणजे लहान काम नव्हे.

त्यांचा आणि वि. स. खांडेकरांचा वाद, कला कलेसाठी की जीवनासाठी, आमच्या गावात घराघरांत झाला. खांडेकर शिरोड्याला १९२० पासून शाळेत शिकवत होते आणि १९३८ मध्ये चित्रपटांच्या कामाने कोल्हापूरला आले. 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' दोन्ही १९३४ च्या. त्यांच्याकडे आडकाठी बाहेरची असते, गरिबी, ध्येय, समाज, आणि प्रेमिकाला प्रेम आणि कर्तव्य यांतलं एक निवडावं लागतं. फडक्यांकडे दोघांच्या मधे गैरसमज उभा असतो, खांडेकरांकडे जग. व्यासपीठावर हा मोठा वाद होता. माझ्या टेबलावर नव्हता. तारखेच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर एकच बाई या आठवड्यात फडके आणि पुढच्या आठवड्यात खांडेकर नेत होती, आणि दोघांसाठी तितकीच रडत होती.

पण या दोघांनी ज्या मुलीच्या जिवावर कादंबऱ्या लिहिल्या, तिचं खरं काय चाललं होतं हे सांगायला ती स्वतःच यावी लागली. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने छापलं गेलं आणि खळबळ उडाली. लेखिका कोण, यावर लोक तर्क करत राहिले. त्या म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेली, कमावती, तीस वर्षांकडे झुकलेली मुलगी. तिच्या पगारावर घर चालतं म्हणून तिचं लग्न लांबवणारे आईवडील. आणि तिला भेटणारा पुरुष एकतर लग्न झालेला किंवा घाबरलेला. भेटीची जागा मिळाली होती, पण पुढचा रस्ता नव्हता. या गोष्टी मी विशीत वाचल्या तेव्हा मीही कमावती होते आणि घरी धाकटी भावंडं होती. त्याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.

त्याच काळातलं एक पुस्तक मी वाचकाच्या हातात देताना नेहमी दोन्ही हातांनी दिलं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ चं. युरोपातून मुंबईकडे येणारं जहाज. परत निघालेला चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन सुटलेली ज्यू मुलगी हॅर्टा. किनारा येईपर्यंतचे थोडे दिवस. मुंबईत तो उतरतो. तिला उतरता येत नाही. भेटीसाठी जहाजासारखी जागा मराठीत त्याआधी कुणी इतकी नीट वापरली नव्हती: बंद, तरंगणारी, कुठल्याच देशाची नसलेली, आणि संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेली. लहानसं पुस्तक आहे. मावशींना शेवट गोड नाही हे मी आधीच सांगितलं, तरी त्यांनी ते नेलं. परत आणलं तेव्हा त्यावर पीठ नव्हतं. हात धुऊन वाचलं होतं.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मी टेबलाच्या या बाजूने पाहिला. कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, योगिनी जोगळेकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे, ज्योत्स्ना देवधर. या लेखिकांची पुस्तकं कपाटात राहतच नसत. सकाळी आलेलं संध्याकाळी जायचं. भेटीच्या जागा पुन्हा बदलल्या होत्या: ऑफिस, इस्पितळ, भाड्याने दिलेली वरची खोली, मैत्रिणीच्या भावाचं घर. क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या, आणि त्यांच्या गाजलेल्या कादंबरीचं नाव 'महाश्वेता'. बाणाच्या सरोवराकाठी वाट पाहत बसलेली ती मुलगी तेराशे वर्षांनी मराठी मध्यमवर्गीय घरात आली आणि पुढे दूरदर्शनच्या पडद्यावरही. लेखिकेने ते नाव काय विचाराने घेतलं असेल, ते त्यांना विचारायला मला आवडलं असतं.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये आला आणि आमच्यासारख्या छोट्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. त्याबरोबर मोठी माणसं कार्यकारिणीत आली. एका बैठकीत ठरलं की यापुढे 'हलक्या' कादंबऱ्या विकत घ्यायच्या नाहीत, आहेत त्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. मी त्या बैठकीत टिपणं लिहायला बसले होते. मला बोलायची परवानगी नव्हती आणि मी बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. खालच्या कप्प्यातून पुस्तक काढायला बायकांना खाली बसावं लागे. गुडघे धरून, पदर सावरत, त्या बसत.

त्याच्या थोडं आधी चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' कोर्टात होती. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात ती छापली गेली होती. अश्लीलतेचा खटला झाला; खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरून २५ रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायमूर्तींनी कथा पुरी वाचली, तिच्यातल्या माणसांना मधे ठेवून प्रसंगांचा विचार केला, आणि मग निर्णय दिला. प्रेमकथेला एवढ्या शांतपणे कुणी वाचावं यासाठी सात वर्षं लागली. आणि त्याच १९६९ साली काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' देशभर थेटरांतून चालला; पुढे 'अशी तुझी प्रीत'वर 'मैं तुलसी तेरे आँगन की' आला. ज्या लेखकाचं पुस्तक आमच्याकडे खालच्या कप्प्यात होतं, त्याच्या गोष्टीवर अख्खा हिंदुस्थान रडत होता.

आमच्या बाइंडरने मला एक गोष्ट दाखवली होती, ती कुठल्याही समीक्षेत मी वाचलेली नाही. उसवलेली पुस्तकं त्याच्याकडे गठ्ठ्याने जायची. तो म्हणाला, पोथी पहिल्या पानांशी फाटते, प्रवासवर्णन कुठेही फाटतं, पण या कादंबऱ्या दोनच जागी उसवतात. एक, सुरुवातीला, जिथे दोघं भेटतात. दुसरी, शेवटाच्या थोडं आधी, जिथे ती तुटतात आणि आता जुळतील की नाही हे कळत नाही. तिथे पुस्तक उपडं ठेवून माणूस उठतो, स्वयंपाक करतो, पुन्हा येतो. शिवण त्या जागी ताणली जाते. फडक्यांची निरगाठ नेमकी कुठे असते, हे बाइंडरला दोऱ्यावरून कळत होतं.

एक दुखणं मात्र सांगितलंच पाहिजे. या सगळ्या पुस्तकांत आडकाठी म्हणून बाप आला, पैसा आला, आजार आला, खलनायक आला, विस्मरण आलं. जात फार थोड्या वेळा आली, आणि आली तरी वळसा घालून. आणि ही पुस्तकं लिहिली-वाचली जात होती ती शाहू महाराजांच्या गावात, जिथे आंतरजातीय विवाहाला संस्थानाने कधीच कायद्याने मान्यता दिली होती. खऱ्या आयुष्यात दोघांमधे सर्वांत मोठी भिंत कसली असते हे माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत होतं. ती भिंत वाटेगावातून आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी दाखवली. त्यांची 'आवडी' जातीबाहेरच्या प्रेमाची कादंबरी आहे. तिथे भेट बांधावर होते, पाणवठ्यावर होते, आणि तिची किंमत रक्ताने द्यावी लागते. प्रणयकादंबऱ्यांच्या यादीत अण्णा भाऊंचं नाव कुणी घेत नाही. मी घेते. माझ्या हातात कप्पे असते तर 'दौलत'शेजारी 'आवडी' ठेवली असती.

सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'ला पोरांच्या रांगा लागल्या, गौरी देशपांड्यांच्या बायका प्रेमात असूनही कुणाच्या होईनात, मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त आणीबाणीच्या दिवसांत वर्गातल्या बाकावरूनच सगळं घडलं. तोवर माझी निवृत्ती जवळ आली होती. मावशी मला सोडून सहा वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. गिरणी मुलाने विकली.

मी सोडायच्या वर्षी जुन्या पुस्तकांचं निर्लेखन झालं. दाखल नोंदवहीत लाल शाईने रेघ मारायची आणि पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात टाकायचं, हे काम माझ्याचकडे आलं. तीन दिवस चाललं. गठ्ठ्यातून रद्दीच्या भावाने मी एक पुस्तक घरी आणलं, एका कमी प्रसिद्ध लेखिकेची कादंबरी, चौथ्यांदा बांधलेली. घरी आल्यावर वाचायला घेतली तेव्हा दिसलं की २७-२८ हे पान नाही. फाटलेलं नव्हे, शिवणीलगत ब्लेडने सरळ कापून नेलेलं. सव्विसाव्या पानाखाली ती पावसात एसटीच्या थांब्यावर उभी आहे आणि छत्री नाही. एकोणतिसाव्यावर ती घरी पोचलेली आहे, केस पुसते आहे आणि त्याचं नाव तिला ठाऊक आहे.

तारखेच्या चिठ्ठीवर ४१ शिक्के आहेत. त्यांतल्या १९ तारखांसमोर माझं अक्षर आहे. ते पुस्तक नेणाऱ्या बहुतेक बाया मला आठवतात. त्यांचे चेहरे एकेक करून मी डोळ्यांसमोर आणते, आणि पुस्तकाच्या कडा बोटांनी चाचपून पाहते.